रुमाल क्रमांक एकशे सतरा

पंचाक्षरी महादेवप्पा स्वामी. लातूरच्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या दप्तरखान्यात छत्तीस वर्षं शिपाई. निरोप समारंभात त्याच्याबद्दल एवढंच बोललं गेलं असतं, वर शाल आणि नारळ. मला जास्त लिहायचं आहे. हा माणूस चोर ठरायला दोन दिवस उरले होते आणि त्याला तिथवर नेऊन ठेवण्यात माझा हात होता.

आधी दप्तरखान्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उदगीरकडच्या एका मुनशी घराण्याने चौऱ्याऐंशी साली संस्थेला सहा ट्रंका जुने कागद देऊन टाकले. त्यांचा कोणी खापरपणजोबा पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात इंग्रज अंमलदाराच्या हाताखाली होता. पुढे तो निजामाच्या नोकरीत आला आणि येताना हे कागदही घेऊन आला. का, ते त्यालाच माहीत. कोणतं जहाज कधी लागलं, कधी सुटलं, कोणत्या खलाशाने कोणाचं डोकं फोडलं, गलबत बुडालं तेव्हा सुकाणूवर कोण होता, मीठ कोणाच्या परवानगीने उतरवलं, आणि या सगळ्यावर कलेक्टरांची लांबलचक, रुसलेली पत्रं. समुद्र इथून शेकडो कोस. डाळ मिलच्या धुरळ्यात हे कागद येऊन पडले आणि आम्ही त्यांना ‘दर्याचे कागद’ म्हणू लागलो.

यादी करायचं काम दोघांवर आलं. मी इतिहासाची प्राध्यापिका, म्हणून इंग्रजी आणि मोडी माझ्याकडे. फारसी आणि उर्दू काझी बशारतसाहेबांकडे. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, फार नीटनेटके गृहस्थ. ते सकाळी यायचे, मी तास आटोपून दुपारी. वर्षभरात आमची चारदा भेट झाली असेल. ज्याने त्याने आपल्या भाषेची वही ट्रंकेतून काढायची, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नंबराची चिठ्ठी डकवायची, आपल्या रजिस्टरात नोंद करायची आणि वही परत ट्रंकेत टाकायची. एक ते नव्वद माझे, एक्याण्णव ते एकशे त्रेचाळीस त्यांचे. माझं रजिस्टर मराठीत, त्यांचं उर्दूत. टंकलेखकाने दोन्हींवरून नंबर आणि नाव एवढंच घेऊन एक यादी टाइप केली. मी सही केली, त्यांनी सही केली. मला घाई होती. मला कायमच घाई असते.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये पंचाक्षरी नोकरीला लागला. चोवीस वर्षांचा, देवणीजवळच्या खेड्यातला, बाप गावोगाव भिक्षेला फिरणारा जंगम. दहावीपर्यंत शिकलेला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, मोडी आणि फारसीचा प्रश्नच नाही. पण एकदा हाताळलेली वही तो पाठीवरून ओळखायचा. ‘आमच्याकडच्या गुरांचे ठिपके एकासारखे एक नसत्यात बाई,’ म्हणायचा, ‘तसंच हाय हे.’

त्याला सांगितलं होतं, प्रत्येक वही रुमालात बांध. रुमाल म्हणजे लाल खारव्याचा चौकोनी फडका. जुनी दप्तरं अशीच बांधून ठेवतात, वर गाठ आणि गाठीला नंबराची पट्टी. पंचाक्षरीने त्याच्या वर आणखी एक काम केलं, जे कोणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकांना जूनमध्ये घालतात तशी त्याने एकूण एक वहीला खाकी कव्हरं घातली. कडा आत दुमडून, कोपरे त्रिकोणी, खळ लावून पक्के. मला आठवतंय, मी म्हटलं, ‘अरे, या काय पहिलीच्या पोरांच्या वह्या आहेत?’ तो म्हणाला, ‘मग काय हो. पोरांपेक्षा नाजूक हायत.’

हे झालं जुनं. यंदाच्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, फोन वाजला. बेचाळीस डिग्री उन्हात पंख्याखाली आडवी झाले होते. मी पंचाहत्तरीची, गुडघे कामातून गेलेले. फोनपर्यंत पोचेस्तोवर चिडले होते.

‘बाई, मी मंजुश्री. पंचाक्षरींची मुलगी.’

ही मुलगी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, एवढं मला माहीत होतं.

‘बोल लवकर.’

‘लवकरच बोलते. अप्पांवर चोरीचा आळ आलाय. सोमवारी हरिओम सर पोलिसांत अर्ज देणार म्हणायलेत. अप्पा घरात काहीच बोलंनात. तुम्ही त्यांना ओळखता. येता का?’

‘चोरी? कसली?’

‘समुद्राची,’ ती म्हणाली आणि हसली की रडली ते मला कळलं नाही. ‘मी रिक्षा घेऊन येते.’

दप्तरखाना कॉलेजच्या मागच्या बाजूला आहे. निवृत्त होऊन मला पंधरा वर्षं झाली. घर दोन किलोमीटरवर, पण मी एकदाही तिकडे फिरकले नव्हते. आत नवे दिवे आणि एक मोठा कॅमेरा टेबलावर उलटा टांगलेला. संस्थेने सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवायला घेतले होते, त्यासाठी नांदेडहून मुग्धा नावाची मुलगी आली होती. संस्थेचा सचिव हरिओम खुर्चीत बसला होता. माझाच विद्यार्थी, वर्गात मागच्या बाकावरचा. आता पोट सुटलंय, पण मला पाहून उठला.

‘मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात?’

‘ते नंतर. झालं काय?’

त्याने टेबलाकडे बोट केलं. लाल रुमाल सोडून ठेवला होता. पट्टीवर ११७. रुमालात वहीच्या मापाचा एक गठ्ठा, नीट कापून चौकोनी केलेला, सुतळीने बांधलेला. मी वरचा कागद उचलला. बी.ए. द्वितीय वर्ष, इतिहास, सत्याऐंशी सालची उत्तरपत्रिका. ‘पोर्तुगीजांच्या आगमनाची कारणे लिहा.’ खाली लाल शाईत वीसपैकी अकरा. अक्षर माझं.

‘एकशे बेचाळीस रुमालांत वह्या निघाल्या,’ हरिओम म्हणाला. ‘एकात हे. दर मार्चला पडताळणी होते मॅडम. दर मार्चला एकशे त्रेचाळीस नग बरोबर, खाली सही. या महिन्याच्या एकतीसला हा रिटायर होतोय, चार्ज द्यायचाय. आणि आता हे.’

‘पडताळणीत रुमाल सोडून बघत नाहीत?’

‘कोण सोडतं? नग मोजतात.’

‘तू सचिव झाल्यापासून किती वेळा सोडून बघितलेस?’

तो परत खुर्चीत बसला. मग हळू म्हणाला, ‘अशा वह्यांना बाहेर गिऱ्हाईक असतं, मॅडम. मला वर उत्तर द्यावं लागणार. माझा नाइलाज आहे.’

खोटं नव्हतं. तो वाईट माणूस नाही. त्याच्या कपाळावरही घाम होता.

पंचाक्षरी बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसला होता. केस पांढरे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट इस्त्रीचा. मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करते. तेव्हा सगळेच करायचे. आता साठीच्या माणसाला अरे म्हणताना जीभ अडखळते, पण अहो म्हटलं की तोच बावरतो.

‘पंचाक्षरी, त्या उत्तरपत्रिका तू ठेवल्यास?’

‘हाव.’

‘कधी?’

‘एकोणनव्वदच्या मार्चात.’

मंजुश्री तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, हा आता संपला. पण विचारायचं सोडायची मला सवय नाही.

‘आणि वही?’

‘वही मी बघितलीच न्हाई बाई. कवाच न्हाई.’

मग तो बोलला. कंटाळलेल्या माणसासारखा, एका सुरात. लागल्या लागल्या पहिल्या महिन्यात त्याने माझे नव्वद बांधले. जुलैत बशारतसाहेब आले. फारसी वह्या एकेक हातात घ्यायचे, चिठ्ठी वाचायचे आणि नंबर सांगायचे. हा पट्टी लिहून बांधायचा. एकशे सोळा झाला, मग एकशे अठरा. मधला मिळाला नाही. ट्रंका उलट्या केल्या. बशारतसाहेब म्हणाले, ‘मिल जाएगा मियाँ, कहीं रखा होगा.’ दिवाळीनंतर ते हैदराबादला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले. मार्च आला. पहिली पडताळणी. नोकरी अजून पक्की व्हायची होती.

‘एक नग कमी म्हणलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावाकडं,’ तो म्हणाला. ‘रद्दीत तुमच्या पोरांचे पेपर पडले व्हते. मापानं कापले, बांधले. म्हणलं, वही घावली की काढून टाकू. घावलीच न्हाई.’

‘छत्तीस वर्षं?’

‘लई शोधलं. दिवाळीच्या सुट्टीत कपाटं सरकवून बघायचो. ही बारकी असताना हिला आत घालायचो, कपाटामागं.’

मंजुश्री म्हणाली, ‘मला वाटायचं अप्पा माझ्याशी लपाछपी खेळायलेत.’

‘अरे, त्र्याण्णवला भूकंप झाला,’ मी म्हटलं. ‘इथली मागची भिंत पडली होती. दोन कपाटं ढिगाऱ्यात गेली. तेव्हा सांगून टाकायचंस, गेली म्हणून! कोण विचारणार होतं?’

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या पहाटे त्याची बहीण किल्लारीला होती. ती गेली, हे मला तेव्हा माहीत होतं आणि मी विसरलेही होते.

‘तसा फॉर्म आला व्हता बाई,’ तो म्हणाला. ‘काय काय गेलं ते लिहा म्हणून. लिहावं वाटलं. पर गावंच्या गावं मेलेली. त्येच्यात माझं एक खोटं कुठं घालू? लाज वाटली. सगळे रुमाल झटकून परत जाग्यावर लावले.’

‘मला का सांगितलं नाहीस?’

‘आलतो की. चौऱ्याण्णवला. घरी आलतो.’

आणि मला आठवलं. हा आला होता, पिशवीत हुरडा घेऊन. मी पेपर तपासत होते. पंधरा मिनिटं बसला. चहा प्यायला. मी दोनदा म्हटलं, ‘बोल लवकर.’ तो म्हणाला, ‘काय न्हाई, सहज आलतो,’ आणि गेला. पुढे सोळा साली, पाणी रेल्वेने आलं त्या उन्हाळ्यात, टँकरच्या रांगेतही भेटला होता. घागर खाली ठेवून म्हणाला होता, ‘प्यायला घोटभर न्हाई आन् कपाटात अख्खा दर्या, बाई.’ मी हसले आणि रांगेत पुढे सरकले. त्याला तेव्हाही आणखी काही बोलायचं असावं.

मी आत गेले. राग कोणाचा आला होता ते ठरवायला वेळ नव्हता.

‘हरिओम, मूळ रजिस्टरं काढ. टाइप केलेली यादी नको. दोन्ही मूळ.’

‘मॅडम, बशारतसाहेबांचं उर्दूत आहे. ते कोण...’

‘मी वाचते. काढ.’

माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकले. लहानपणी हौसेने त्यांनी मला अलिफ-बे गिरवायला लावलं होतं. पहिलीतल्या पोरासारखं अक्षराला अक्षर जोडत वाचता येतं, एवढंच. मग पंच्याऐंशी साली त्यांचं रजिस्टर एकदा तरी का चाळलं नाही, हे कोणी विचारू नये. त्यांनीही माझं चाळलं नव्हतं.

एकशे सतराची नोंद चार ओळींची होती. ती वाचायला मला वीस मिनिटं लागली. वीज गेली, पंखा थांबला, मुग्धाने मोबाइलचा उजेड धरला. बंदरात आलेल्या-गेलेल्या जहाजांबद्दलचा पत्रव्यवहार, फारसी. काळ्या चामड्याची पाठ. पानं दोनशे दहा. आणि शेवटची ओळ: ‘आखिर में कुछ सफ़े अंग्रेज़ी के हैं.’

शेवटी काही पानं इंग्रजीची.

मी ती ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली. मग म्हटलं, ‘मुग्धा, तुझ्या त्या फोटोंमध्ये अशी एखादी वही आहे का गं, इंग्रजी, आणि मागे फारसी पानं?’

‘एकच आहे मॅडम. एक्केचाळीस नंबर. जहाजाची रोजनिशी. मागे बरीच फारसी आहे. मी शेऱ्यात लिहिलंय, जोडपत्रं असावीत म्हणून.’

‘बरीच म्हणजे?’

‘शंभराच्या आसपास. निम्मी वहीच.’

माझं रजिस्टर उघडलं. एक्केचाळीस. जहाजाची दैनंदिनी, इंग्रजी. काळी चामड्याची पाठ. पाने २१०. ‘शेवटी काही फारसी पाने.’ माझं अक्षर, माझी घाई. निम्म्या वहीला मी ‘काही’ लिहून मोकळी झाले होते.

हरिओम अजून बघतच होता. म्हटलं, ‘अरे, इंग्रजी वही डावीकडून उघडते. फारसी उजवीकडून. त्या मुनशीने एकाच कोऱ्या वहीत जहाजाची रोजनिशी एका बाजूने उतरवली आणि स्वतःची पत्रं दुसऱ्या बाजूने. कागद महाग होता. मी एका पुठ्ठ्याकडून उघडली, बशारतसाहेबांनी दुसऱ्या. मला जो शेवट वाटला तिथून त्यांची वही सुरू होत होती. आम्ही एकाच वहीला दोन नंबर दिले.’

‘हे तुमचं म्हणणं झालं मॅडम,’ तो म्हणाला. ‘पुरावा?’

बरोबर बोलला. वर्गात असं कधी बोलला नाही.

‘पंचाक्षरी!’ मी ओरडले. ‘एक्केचाळीस आण.’

तो उठून आला. कपाटाकडे न बघता हात घातला, रुमाल काढला, गाठ सोडली. खाकी कव्हर, कोपरे त्रिकोणी, छत्तीस वर्षांत एक टोक सुटलेलं नाही. मी वही उलटी ठेवली, फारसी बाजू वर. पुठ्ठा उघडला. आत त्याच्या कव्हरची दुमडलेली कड, खळीने चिकटवलेली.

‘हे सोडव.’

‘फाटंल बाई.’

‘फाटू दे.’

त्याला फाडवेना. मुग्धाने ओला बोळा आणि पातळ पट्टी घेतली. पाव तास ती कड भिजवत, उचलत होती. कड निघाली. खाली पिवळी चिठ्ठी होती, काळ्या शाईत दोन उभ्या काड्या आणि त्यांच्या पुढे इंग्रजी व्हीसारखी खूण. उर्दू सात. एकशे सतरा.

पंचाक्षरी वाकून बघत होता. म्हणाला, ‘ही खूण म्या बघितली व्हती. कव्हर घालताना. वाटलं, बांधणाऱ्याची असंल.’ मग चिठ्ठीवर बोट धरून, ‘जुलैत साहेब आल्यावर कळलं की हे आकडे असतात. तवर नव्वद बांधून झाले व्हते, ही खूण डोक्यातनं गेलती.’

मंजुश्रीने त्याचा दंड धरला. ‘अप्पा, सुटलात.’

‘हाव,’ तो म्हणाला. पण त्याच्या तोंडावर काही उमटलं नाही. तो स्टुलावर बसला आणि पाणी मागितलं.

हरिओमने घसा साफ केला. ‘तरी पण पेपर बांधून ठेवले हे...’

‘त्याचं त्याला विचार. आणि पडताळणीच्या सह्या कोणाकोणाच्या आहेत तेही विचार. आता कागद दे मला.’

मी तिथेच लिहून दिलं. नोंद क्रमांक ४१ आणि ११७ ही एकच वही असून चूक यादी करणाऱ्या माझी आणि कै. बशारतसाहेबांची आहे, वही कधीही गहाळ झालेली नव्हती. हरिओम म्हणाला, ‘तुमचं नाव नको मॅडम, तांत्रिक चूक म्हणू.’ म्हटलं, ‘तंत्राने सही केली नव्हती, मी केली होती.’ सोमवारचा अर्ज त्याने माझ्यासमोर फाडला. पेपर ठेवल्याबद्दल पंचाक्षरीला लेखी समज मिळाली. त्याने ती सही करून घेतली, घडी घालून खिशात ठेवली. योग्यच होतं, असं तोही म्हणाला.

रिक्षात बसताना मी त्याला म्हटलं, ‘चुकलं माझं.’ एवढं म्हणायलाही मला बरंच थांबावं लागलं.

तो म्हणाला, ‘दर मार्चात पोट बिघडायचं बाई. फेब्रुवारीपासनंच. डॉक्टर म्हणायचा, तिखट सोडा. सोडलं. पस्तीस वर्षं मिरची खाल्ली न्हाई.’ आणि मग, आवाज न चढवता, ‘तुम्ही एकदा यायचं व्हतं.’

मी रिक्षावाल्याला ‘चल’ म्हटलं.

एकतीस तारखेला चार्ज होता. मी गेले, न बोलावता. शाल-नारळ झाला, हरिओमचं भाषण झालं, चिवडा झाला, माणसं पांगली. दप्तरखान्यात आम्ही दोघं आणि मंजुश्री. चार्जच्या कागदावर ‘एकूण नग १४२’ असं दुरुस्त केलेलं होतं. एकशे सतराचा रिकामा रुमाल त्याने घरी नेऊन धुऊन आणला होता. एक्केचाळीसवर पहिल्या रुमालावरून तो दुसरा बांधला. दोन गाठी, दोन पट्ट्या.

‘एक पुरे की रे,’ मी म्हटलं.

‘असू द्या. दोन नंबर हायत तिला.’

मग त्याने पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि परत उचललं.

‘बाई, सही करायच्या आधी तुम्ही मोजा.’

‘मोजलेत ना त्यांनी सकाळी?’

‘तुम्ही मोजा.’

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. चार वाजले होते, गुडघे ठणकत होते आणि पंखा फिरत होता म्हणण्यापुरता. मी पहिल्या कपाटापासून सुरुवात केली. प्रत्येक गाठीला बोट लावून, मोठ्याने. पंचाक्षरी मागे हात बांधून माझ्याबरोबर कपाटागणिक सरकत होता. एक्केचाळीसला आम्ही दोघंही जरा थांबलो. शेवटच्या कपाटाच्या खालच्या फळीला वाकता येईना, तेव्हा मंजुश्रीने एकेक उचलून दाखवला.

‘एकशे बेचाळीस,’ मी म्हटलं.

त्याने मान हलवली. पेन हातातच होतं.

‘अजून एक डाव मोजता का?’

मी मंजुश्रीला म्हटलं, रिक्षावाल्याला जायला सांग. आणि पुन्हा पहिल्या कपाटापाशी गेले.